नातवंडांची फी आणि सूनबाईच्या पाटल्या



गेले तीन-चार महिने मी काही लिहिलं नाही. बस्तीत दोघी-तिघींनी विचारलंही, "काकू, चातुर्मासातल्या भाज्यांचा लेख येणार होता ना?" तो येईल. आधी हे लिहून टाकते, कारण हे मनात असताना दुधी-दोडक्यावर काही सुचत नाही.

एप्रिल ते जून मी दुबईला धाकट्याकडे होते. हे आले नाहीत. दुकान सोडून हे मिरजेच्या पुढे जात नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे जे कळलं ते लिहावं की नको यात पुष्कळ दिवस गेले. घरातलं झाकलेलं चारचौघीत उघडं करायचं म्हणजे जड जातं. शेवटी मुलाला आणि सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "लिहा आई. फक्त शाळेचं नाव नको, मुलं अजून तिथेच शिकतात." म्हणून शाळेचं नाव नाही, कंपनीचंही नाही.

धाकटा 2011 साली गेला. इंजिनियर आहे, मोठ्या इमारतींची देखभाल बघणाऱ्या कंपनीत. थोरली नात आता नववीत, नातू चौथीत. अल नाहदा भागात भाड्याचं घर. आमच्या गल्लीत आमच्या घराला 'दुबईवाल्यांचं घर' म्हणतात आणि ते ऐकायला मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचे पंचवीस हजार यायचे. दशलक्षण पर्वात एक दिवसाच्या अभिषेकाची बोली त्याच्या नावाने घेतली जायची. दोन वर्षांपूर्वी मी त्यावर एक लेखही लिहिला होता. तो आता मला वाचवत नाही.

30 एप्रिलला अक्षय तृतीया होती. आपल्यासाठी हा दिवस दानाचा. राजा श्रेयांसाने भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा आहार दिला, तो हा दिवस. प्रवचनात हे दर वर्षी ऐकते आणि ऐकून झालं की सराफाच्या दुकानात जाते. एखादा मणी, एखादी अंगठी, पण नेम चुकवत नाही. (या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा ते महाराजांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.) तर दुबईत असताना तो दिवस आला. देराचा सोन्याचा बाजार, मीना बझार, सगळीकडे त्या दिवशी आपल्याच बायकांची गर्दी. सोनं तेव्हा लाखाच्या घरात गेलेलं. नवं घेणं शक्य नव्हतं. मी सूनबाईला म्हटलं, "लग्नातल्या पाटल्या काढ तुझ्या. त्या घडणावळीला आता कोण विचारतं? मोडून, वर थोडी भर माझी घालून, नव्या करू."

ती म्हणाली, "आई, ताक घेता का थोडं?" आणि स्वयंपाकघरात गेली.

मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा काहीच उत्तर आलं नाही. नात तिथेच टेबलावर अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, त्या नाहीयेत. मी पाचवीत असताना विकल्या. फी राहिली होती."

चार तोळ्यांच्या पाटल्या. 2009 साली आम्हीच घातलेल्या, मी स्वतः कोल्हापूरला जाऊन निवडलेल्या. सोनं गेलं याचं मला खरंच फार वाटलं नाही. मला आठवलं ते वेगळंच. 2023 मध्ये पुतण्याचं लग्न होतं. ही मुलांना घेऊन आली होती, हातात खोट्या बांगड्या. माझ्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. मांडवात, चार जावा-नणंदांसमोर मी म्हटलं होतं, "सोन्याच्या बाजारात राहते आणि आमची सून लंकेची पार्वती होऊन येते." सगळ्या हसल्या. तीही हसली, पदर खोचला आणि पंगतीत वाढायला निघून गेली.

त्या दिवशी आम्ही बाजारात गेलो नाही.

रात्री मुलगा आला. जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली असतात, तो मात्र बाहेरच काहीतरी फळं वगैरे खाऊन येतो, कारण कामावरून यायलाच साडेसात वाजतात. मी म्हटलं, "वही घेऊन बस." म्हणाला, "अगं आई, तू कशाला यात पडतेस?" मी म्हटलं, "तुझ्या वडिलांच्या खताच्या दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी तीस वर्षं मी लिहिली आहे. बी.कॉम.ला अकाउंट्सला डिस्टिंक्शन होतं मला. वही आण."

वही नव्हतीच. आताच्या मुलांकडे वही नसते, सगळं फोनवर. मी नातीची एक कोरी वही घेतली आणि त्याला विचारत विचारत मांडलं.

पगार महिन्याला 19,000 दिरहम. वर्षाचे 2,28,000. 2025 मध्ये एक दिरहम म्हणजे साधारण 23 रुपये होते, तेव्हा आपल्या हिशेबाने महिन्याला सव्वाचार लाखांच्या वर. आयकर नाही. आपण इथे बसून एवढंच करतो, गुणाकार. मीही चौदा वर्षं तेवढाच केला.

आता वजाबाकी. घरभाडं वर्षाला 88,000, तेही पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून देऊन. गेल्या तीन-चार वर्षांत तिथली भाडी फार चढली आहेत. त्यानंतर शाळा. मागच्या वर्षी नात आठवीत होती, तिची फी 24,000. नातू तिसरीत, त्याची 19,000. दोघांचे मिळून 43,000 दिरहम.

मे महिन्यात, मी तिथेच असताना, यंदाच्या फीवाढीची बातमी आली. दुबईत खासगी शाळांवर केएचडीए नावाचं सरकारी खातं देखरेख करतं. शाळांना वाटेल तेवढी फी वाढवता येत नाही. शाळांच्या लेखापरीक्षण झालेल्या हिशेबांवरून पगार, भाडं वगैरे खर्च किती वाढला याचा एक निर्देशांक काढतात आणि तेवढ्यापुरतीच वाढ मागता येते, तीही परवानगी घेऊन. 2023-24 ला तो 3 टक्के होता, 2024-25 ला 2.6 आणि 2025-26 ला 2.35. करोनानंतर तर तीन वर्षं फीवाढ बंदच ठेवली होती. मला ही पद्धत आवडली. आपल्याकडे असं काही आहे का? प्रत्येक शाळेची मंजूर फी इयत्तेप्रमाणे त्या खात्याच्या संकेतस्थळावर असते, मी स्वतः नातीकडून उघडून घेऊन बघितली. म्हणून मी मुलाला म्हटलं, "सव्वादोन-अडीच टक्के म्हणजे हजारभर दिरहम. त्याला एवढं काय घाबरायचं?"

तो म्हणाला, "आई, बेरीज कर."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वाढ 2.35 टक्के आहे ती त्याच इयत्तेच्या फीवर. पण मूल त्याच इयत्तेत राहत नाही ना! नववीची फी मागच्या वर्षी 28,400 होती. त्यावर 2.35 टक्के, म्हणजे 29,067. चौथीची 20,500 होती, ती झाली 20,982. दोघांचे मिळून 50,049. मागच्या वर्षी 43,000 दिले, यंदा 50,049. वाढ 7,049 ची, म्हणजे सोळा टक्क्यांच्याही वर. वर्तमानपत्रात 2.35 छापून येतं, आणि ते खोटं नाही. घरात भरावे लागतात ते सोळा, तेही खोटं नाही. पगार त्याचा तीन वर्षांत एकदा चार टक्के वाढला.

फीवर थांबत नाही. शाळेची बस दोघांची 10,400. गणवेश, पुस्तकं, सहली, टॅब्लेट, आणखी काय काय, 6,000 धरले. गणवेशावर तर 5 टक्के व्हॅटही लागतो. एकूण शाळा 66,449. पगाराचे एकोणतीस टक्के. भाडं आणि शाळा मिळून पगारातले दोन भाग गेले, उरला एक भाग. महिन्याला सहा हजार दिरहम. त्यात किराणा, वीज-पाणी, गाडी, फोन, औषधपाणी, दोन वर्षांनी एकदा चौघांचं विमान.

आणि त्यात आमचे पंचवीस हजार रुपये. वर्षाचे तीन लाख, म्हणजे तेरा हजार दिरहम. मी ती ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"हे कशातून देत होतास?"

तो गप्प. सूनबाईच म्हणाली, "कार्डावर फी भरतो आई. बँक बारा हप्ते करून देते. व्याज नाही म्हणतात, प्रक्रिया शुल्क घेतात. एप्रिलचे हप्ते पुढच्या मार्चला संपतात, तोवर नवीन एप्रिल आलेलाच असतो. मध्ये एखादा महिना चुकला की मग व्याजच व्याज."

2021 साली असंच झालं होतं. करोनात त्याचा पगार वर्षभर तीस टक्के कापला. कंपनी आधी मुलांच्या शिक्षणाचा भत्ता द्यायची, तो बंद केला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. सूनबाई एका दवाखान्यात हिशेब बघायची, ती नोकरी गेली. फी वाढली नव्हती, पण भरायला पैसे नव्हते. दोन सत्रांची थकली. तेव्हा पाटल्या गेल्या. साडेसात हजार दिरहम आले. त्या वर्षीही आमचे पंचवीस हजार दर पाच तारखेला आले होते. मी पासबुक काढून बघितलं, एकही महिना चुकलेला नाही.

मी त्याला रागावले. मग लक्षात आलं, रागवायचं कुणावर? त्याने कधी म्हटलं असतं, "आई, या महिन्यात जमत नाही," तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं असतं, "बघा, सून आली आणि हात आखडला." मी म्हटलंच असतं.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, आणि आमच्या वन्संनी म्हटलंच, "एवढ्या महागाच्या शाळेत घालायचंच कशाला? आपण काय कॉन्व्हेंटमध्ये शिकलो?" मीही तिथे पहिले दोन दिवस हेच म्हणत होते. म्हणून जरा नीट सांगते.

एक तर ही महागातली शाळा नाही. ती सीबीएसईची, मधल्या दर्जाची. तिथे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, त्यांत लाख दिरहमच्या आसपास फी असलेल्याही आहेत. त्यांच्या फाटकाशी आमची गाडी नुसती वळते. सव्वादोनशेच्या वर खासगी शाळा आणि पावणेचार लाखांहून जास्त मुलं आहेत तिथे. दुबईतली दहातली नऊ माणसं बाहेरदेशची. सरकारी शाळा मुळात तिथल्या नागरिकांच्या मुलांसाठी, शिकवणं अरबीतून. बाहेरच्यांना मोजक्या जागा, त्यालाही अटी आणि फी. म्हणजे आपल्याकडे कसं, नाही जमलं तर नगरपालिकेची शाळा आहे, जिल्हा परिषदेची आहे. कितीही ओढाताण झाली तरी पोर शाळेत जातंच. तिथे पायाखाली ती पायरीच नाही. खासगी, नाहीतर भारतात परत.

स्वस्त खासगी शाळा आहेत. द इंडियन हायस्कूल 1961 ची, ना-नफा तत्त्वावर चालणारी, फी बरीच कमी. आपल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी उभी केलेली. पण जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त. आमच्या दोघांनाही तिथे जागा मिळाली नाही. आणि शाळा बदलायची म्हटलं तर नवीन शाळा प्रवेश राखून ठेवायलाच फीच्या दहा टक्क्यांपर्यंत आगाऊ घेते. जुन्या शाळेतसुद्धा पुढच्या वर्षीची जागा धरून ठेवायला पाच टक्के आधी भरावे लागतात, ते पुढे फीत वळते होतात. पण भरायचे आधी.

शाळेला मी शिव्या देणार नाही. वरच्या मजल्यावर केरळच्या एक बाई राहतात, दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, "अम्मा, फी वाढली हे मलाही पत्रकातूनच कळतं, पगारातून नाही." त्यांची स्वतःची दोन मुलं त्रिचूरला आजीकडे शिकतात. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून आपल्या मुलांच्या फीचे पैसे पाठवतात. त्या हसत हसत सांगत होत्या, मला हसता आलं नाही.

मग साहजिकच तो प्रश्न आला. सूनबाई आणि मुलं सांगलीला यावीत, हा एकटा तिथे राहील. केरळातली कितीतरी घरं वर्षानुवर्षं अशीच चाललेली आहेत. मी इथल्या दोन शाळांत ह्यांना पाठवून चौकशी केली. दोघांची मिळून वर्षाची फी तिथल्या नुसत्या बसभाड्याहून कमी. हिशेबाने बघितलं तर निर्णय व्हायला पाच मिनिटं लागू नयेत.

पण नात नववीत आहे. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, दहावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी लागते. यायचं असतं तर आठवीनंतर यायला हवं होतं, नाहीतर आता दहावी झाल्यावर. आणि दुसरं, हा एकटा राहणार म्हणजे कुठे? तिथे 'बेड स्पेस' म्हणतात, एका खोलीत चार-सहा पलंग, त्यातला एक आपला. तेवीस वर्षांचा मुलगा राहतो तसं. हा त्रेचाळीसचा आहे. रात्री खात नाही, कांदा-लसूण खात नाही. त्याने एवढंच विचारलं, "मी कमावतो कुणासाठी आई?" आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. हे कोणत्या खात्यावर मांडायचं ते मला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

जूनअखेर मी परत आले. ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला बोर्डिंगात महिन्याला किती पडायचे माहीत आहे?" मला आकडा माहीत आहे, कारण हे दर वर्षी सांगतात.

हे शिरोळकडच्या खेड्यातले. घरी कोरडवाहू जमीन, आठ माणसं. सांगलीच्या जैन बोर्डिंगात राहिले म्हणून शिकले. आपल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने ही बोर्डिंगं चालवली, सभा 1899 ची. तेव्हाच्या शहाण्या लोकांना एक गोष्ट कळली होती. गावातल्या पोराला नुसती शाळा असून उपयोग नाही, शहरात राहायची-जेवायची सोय असेल तरच ते शिकेल. कोल्हापूरच्या अशाच बोर्डिंगात कर्मवीर भाऊराव पाटील राहिले आणि पुढे 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात पोरांना जेवायला धान्य नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्या घराघरांत ही गोष्ट सांगतात. महिला मंडळात मी स्वतः दोनदा त्यावर बोलले आहे, आणि बोलताना माझा गळा दाटून आला आहे.

आणि माझ्या घरात सूनबाईने पाटल्या दिल्या, त्या कुणाला सांगितल्याही नाहीत, तर मी मांडवात तिला लंकेची पार्वती म्हटलं.

जुलैत मी दोन गोष्टी केल्या. पहिली सोपी होती, पंचवीस हजार बंद. मुलगा ऐकेना. मी म्हटलं, "पाठवलेस तर परत पाठवीन, दोन्ही वेळचे बँकेचे पैसे तुझ्या अंगावर." तेव्हा ऐकला. आमचं काही अडत नाही. दुकान आहे, मुदतठेवींचं व्याज आहे. त्या पैशांचं होत काय होतं ते मी पासबुकावरून काढलं. घराला रंग, पाहुणे, आहेर, बोली आणि ह्यांच्या गुडघ्यांचं औषध. औषध सोडलं तर सगळं लोकांना दिसायचं म्हणून.

दुसरी गोष्ट, माझ्या नावची तीन लाखांची एक ठेव होती, ती मोडली आणि दुबईला पाठवली. यात थोडी माहिती देते, कुणाला लागली तर. आपण निवासी भारतीयांनी परदेशातल्या जवळच्या नातेवाइकांना पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची एक योजना आहे. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा, आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नसतं. पॅन कार्ड लागतं, बँकेत ए-टू नावाचा फॉर्म भरायचा, कारण लिहायचं. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस कापत नाहीत, आधी ही मर्यादा सात लाख होती. आईने मुलाला दिलेल्या पैशावर त्याला कर नाही.

बँकेतला मुलगा आपल्याच ओळखीतला. फॉर्म बघून म्हणाला, "काकू, चुकून उलटं भरलंय. दुबईहून इकडे येणार आहेत ना?" मी म्हटलं, "बरोबर भरलंय." त्याने माझ्याकडे बघितलं, मग शिक्का मारला. संध्याकाळपर्यंत गल्लीत कळलं असणार. कळू दे.

तीन लाखांचे पावणेतेरा हजारांच्या आसपास दिरहम झाले. दोघांच्या एका सत्राची फीसुद्धा पुरी होत नाही त्यात. रुपया घसरला की आपल्याकडे लोक म्हणतात, दुबईवाल्यांची चांदी. उलट्या दिशेने पैसे पाठवून बघा एकदा. मला वाटलं होतं मी फार मोठं काही करते आहे. वहीत ती ओळ लिहिली तर ती मधेच कुठेतरी हरवून गेली. तरी कार्डाचा जुना चढलेला भाग फिटला, व्याज थांबलं, एवढं झालं.

दशलक्षणात यंदा आम्ही बोली घेतली नाही. अध्यक्षांनी दोनदा आमच्याकडे बघितलं. हे खाली बघून पूजेच्या ताटातल्या अक्षता सारख्या करत बसले. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा, मनात आहे तेच बोलण्याचा. मी घरी येऊन सूनबाईला फोन केला आणि मांडवातल्या त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. क्षमावाणीची वाट बघत बसले नाही. ती म्हणाली, "आई, मी ते तेव्हाच विसरले." विसरली नाही. मी विसरले असते का?

मागच्या शेजघराच्या कपाटात माझ्या आईची एक चपलाकंठी आहे. ती नातीसाठी ठेवली होती, तिच्या लग्नात. आता तिला विचारणार आहे की लग्नात हवी की बारावीनंतर. तिला सीए व्हायचं आहे, असं म्हणते. हे म्हणतात, माझ्यावर गेली.

अजून काहीच ठरलेलं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षीची जागा धरायचे पाच टक्के भरायचे आहेत, तेव्हा ठरवावंच लागेल. नातीची दहावी तिथे होईल हे नक्की. नातवाला माझ्याकडे पाठवायचं का, यावर दोघांचं एकमत नाही, आणि मी तोंड बंद ठेवलं आहे. मला मात्र तो हवा आहे, हे इथे लिहून ठेवते.

दर महिन्याच्या पाच तारखेला आता पैसे येत नाहीत, हिशेबाचं पान येतं. नात वहीत लिहिते, फोटो काढून पाठवते, मी तपासते. सप्टेंबरच्या पानावर एक नवीन ओळ होती, 'मम्मी, टॅक्सी, 38 दिरहम'. मी खूण करून विचारलं, हे काय? उत्तर आलं की सूनबाई मुलांच्याच शाळेत मदतनीस शिक्षिकेच्या जागेसाठी कागद द्यायला गेली होती. तिथे नोकरी लागली तर एका मुलाच्या फीत सवलत मिळते म्हणे. पगार फार नाही. मुलाखत येत्या सोमवारी सकाळी नऊला आहे, म्हणजे आपले साडेदहा. त्या वेळी मी बस्तीत असेन. फोन पिशवीतच ठेवते एरवी, पण सोमवारी हातात ठेवणार आहे.

भाज्यांचा लेख त्यानंतर.

जय जिनेंद्र.